गरम बाजूला अडकलेला नळ

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हातात अर्धाच जोर राहिला, तेव्हा आम्ही त्यांना आंजीहून आमच्याकडे सावंगीला आणलं. गावातलं घर ते मुकाट्यानं सोडून आले. माझी झोप मात्र आमच्या न्हाणीघरानं उडवली. ओली फरशी, गोल फिरवायचे जुने नळ, वरचा गिझर, या प्रत्येक गोष्टीकडे मी बाबा पडतील कुठे, धरतील काय, अशा नजरेनं बघायला लागले.

नळ बदलायचं ठरलं. वर्ध्याच्या दुकानात मी एकेक नळ डाव्या हातानं फिरवून पाहिला. काळ्या रंगाचा एक फारच देखणा होता. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्याकडं बोअरचं पाणी ना? मग काळा नका घेऊ. आठ दिवसांत पांढरे डाग. घासाल तर रंग जाईल. साधा चकचकीत क्रोमचा घ्या, फडक्यानं पुसला की झालं." ते मला पटलं. एकाच दांड्याचा नळ घेतला. दांडा डावीकडे केला की गरम, उजवीकडे गार, आणि त्यालाच वरचा शॉवर जोडलेला. बोटांत जोर नसला तरी मनगटानं ढकलता येईल, एवढाच माझा विचार होता.

बाबांना तो आवडला. "मले जमते," म्हणाले आणि त्याच दिवसापासून आतून कडी लावायला लागले. कडी लावू नका म्हटलं की रागवायचे. "मी का लहान पोरगा हाय?" जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. मुलीसमोर उघडं बसायची त्यांना लाज वाटायची.

पाण्यात चुना होताच. शॉवरची भोकं बुजायची, मी ती व्हिनेगरमध्ये भिजवून टाचणीनं मोकळी करायची. नळ रोज पुसायची. बाहेरून तो अगदी नवा दिसायचा.

थंडीतला रविवार होता. नवरा जाम गावी मित्राकडे गेला होता. मी भाजी चिरत होते. न्हाणीघरातून धडधड आवाज यायला लागला, कुणी पत्रा बडवावा तसा. मग बाबांचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"नळ बंद होऊन नाई राह्यला वं! गरम हाय, गरम!"

मी दाराशी धावले. दाराखालून वाफ येत होती.

"बाबा, कडी काढा!"

"हात पोचत नाई!"

मी गिझरचं बटण बंद केलं. पण आतलं पाणी तर उकळलेलंच होतं, ते कुठे थांबणार? मी दारावर खांदा मारला, दार हललं नाही. आत धडधड चालूच होती. मला वाटलं, बाबा हातपाय झाडताहेत. मग त्यांचा आवाज बंद झाला आणि नुसती धडधड राहिली.

टाकी! एवढंच सुचलं. ओरडत जिन्यानं गच्चीवर गेले. टाकीखालच्या वॉल्व्हवर चुन्याचं पांढरं पुट चढलं होतं, तो तसूभरही फिरेना. ओढणी गुंडाळली, दोन्ही हातांनी जीव खाऊन पिळला. तळहाताची सालं निघाली तेव्हा कुठे तो फिरला. मी बंद करत गेले, करत गेले. पाणी पूर्ण थांबलं तेव्हा खालची धडधडही थांबली. त्या शांततेत खाली उतरण्याइतकी भीती मला आयुष्यात दुसरी वाटलेली नाही.

माझं ओरडणं ऐकून शेजारचे काका लोखंडी पहार घेऊन आले होते. त्यांनी दार फोडलं.

बाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. डाव्या हातानं प्लास्टिकची बादली उलटी करून डोक्यावर धरली होती. इतका वेळ त्या बादलीवरच पाणी आदळत होतं, धडधड होती ती त्याची. डोकं, छाती वाचली होती. डाव्या पायावर मात्र सारं ओघळलं होतं, पाऊल लालभडक झालं होतं.

"बादली सोडा बाबा," मी म्हटलं. बोटं सुटेनात. मी एकेक बोट उघडलं.

पायावर गार पाणी ओतायला हवं होतं, आणि घरातलं पाणी तर मीच तोडलं होतं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरून कळशा आणल्या. बराच वेळ आम्ही ओतत राहिलो, मग दवाखान्यात नेलं. फोड आले, पण पाय बरा होईल असं डॉक्टर म्हणाले.

प्लंबरनं नळ खोलून दाखवला. आतल्या चकतीत रेती आणि चुना बसून दांडा घट्ट झाला होता. बाबांनी जोर लावून गरमकडे ढकलला, तो तिथंच अडकला. आम्ही तो काढून टाकला. आता गरमचा नळ वेगळा, फक्त बादलीपुरता. शॉवरला फक्त गार पाणी. गिझर कमी तापमानावर, भिंतीला धरायचे दांडे, दाराला आतून कडी नाही, नुसता पडदा आणि लोटलेलं दार.

तरी बाबा न्हाणीघरात जाईनात. फोड सुकल्यावरही अंग पुसून घ्यायचे. मलाही त्या दारातून आत जाताना धडधडायचं.

एका दुपारी आपणच म्हणाले, "चाल, पाहू." मी बादली भरली. ते बाहेरच उभे.

"पहिले तुह्या हातावर टाक."

मी मगभर पाणी मनगटावर ओतलं.

"अजून एकडाव."

पुन्हा ओतलं. मग त्यांनी बोट बुडवलं, झटकन काढलं, पुन्हा बुडवलं. स्टुलावर बसले.

"आता जाय तू. काऊन उभी हायस?"

मी स्वयंपाकघरात गेले. कुकर शिटीला आला होता. मी गॅस बंद केला आणि आतून मगानं पाणी ओतल्याचा आवाज येतोय का, ते ऐकत ओट्याला धरून उभी राहिले.