आत्याच्या आहेरातले लाल दिवे

रावयाला गावात सगळे इंजिनीअरीणबाई म्हणायचे. आमच्या इजिप्तात शेतकी कॉलेज शिकलेल्यालाही इंजिनीअरच म्हणतात. तिच्या थोरल्या भावाच्या, शौकीच्या, तोंडून मात्र तो शब्द शिवीसारखा यायचा. नाईलच्या काठी बापानं उभारलेलं शेवंतीचं हरितगृह तिनं एकटीनं वाढवलं होतं. बाप गेला आणि म्हशींचा व्यापार करणाऱ्या शौकीनं तिथं आपलं कुलूप ठोकलं, तिची माणसंही हाकलली. मी नुसती शेजारीण, पण माझं डोकं फिरलं होतं.

ती गावातले तंटे सोडवणाऱ्या हाज मितवल्लींच्या बैठकीत गेली आणि वारशातलं हरितगृह मागितलं. शौकीनं चहाचा पेला आपटला. "शेवंती काय पदवी बघून फुलते? नोव्हेंबरच्या प्रदर्शनाला माझी फुलली नाही, तर किल्ली हिच्या हातात देईन. सगळ्यांदेखत सांगतो!"

बैठकीत दिलेला शब्द आमच्याकडं मागं घेता येत नाही. रावया उठली. वाटेत मला म्हणाली, "याचं नाक मी याच्याच हातानं कापणार."

तेवढ्यात शौकीच्या मुलाचं, रमझीचं, लग्न ठरलं. आत्याचा आहेर म्हणून रावया दिव्यांच्या माळा घेऊन गेली, सगळ्या लालभडक. शौकीच्या गच्चीपासून खाली हरितगृहाच्या छपरावरून तिनं त्या ताणून बांधल्या आणि जीभ हलवून लग्नघरातला लांबलचक आनंदाचा लुलुकार केला. आत्याचा आहेर परत पाठवणं म्हणजे नव्या नवरीला अपशकुन. शिवाय शौकीला मिरवायची हौस दांडगी.

"दादा, सून नवी आहे तोवर एक रात्रही घर काळोखात ठेवू नकोस हं!"

"आलीस ना शेवटी वळणावर?" तो खिदळला.

मी तिला घरी गाठलं. "लाज नाही वाटत? त्याच्या दारी रोषणाई करतेस?"

"अगं, पानांना उजेड कळतो," ती म्हणाली. "शेवंतीच्या पानात लाल उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं. रात्री लांबल्या की ते शांत होतं, मग फुलाचा जनुक जागा होतो. तो दुसरं प्रथिन घडवतो आणि ते शेंड्याला जाऊन सांगतं, कळ्या धर. रात्री लाल दिवा लागला की पानाला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. जनुक झोपलेला, निरोप निघतच नाही."

मी पोट धरून हसले. इतकं गोड मला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

शौकी रोज अंधार पडला की स्वतः दिवे लावायचा. शेवंती कमरेएवढी झाली, हिरवीगार. "बघा कशी माजलीय!" म्हणून सांगत फिरायचा. कळी मात्र दिसेना. त्यानं खत ओतलं, औषध मारलं, दारावर दृष्टीचा निळा मणी टांगला. डोक्यावरच्या दिव्यांकडं त्याचं कधी लक्षच गेलं नाही.

प्रदर्शन आलं. हाज मितवल्ली आत फिरले, एक कळी सापडली नाही. त्यांनी हात पुढं केला आणि शौकीला किल्ली द्यावी लागली.

रावयानं त्याच संध्याकाळी माळा उतरवल्या. जानेवारीत तीच रोपं पांढरीशुभ्र फुलली. पहिला गुच्छ तिनं सुनेला पाठवला, मुद्दाम शौकी ओट्यावर बसलेला असताना. तो तणतणत हरितगृहात आला.

"काय घातलं होतंस माझ्या रोपांना? विष?"

"मी काहीच नाही घातलं, दादा," रावया फुलं खुडता खुडता म्हणाली. "बटण तर रोज तूच दाबत होतास."