आधी रक्ततपासणी, मग मामा-काका!

दवाखान्याच्या कपाटात दोन गोष्टी न मागता साठतात. एक, औषध कंपन्यांची सॅम्पलं आणि दुसरे, किस्से. सॅम्पलांची तारीख तरी उलटते!

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मी एडिंबरोहून बालरोगाचं शिक्षण घेऊन मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात रुजू झाले. डोक्यात एकच वेड होतं. नवजात बाळाला रक्ताच्या एका बाटलीतून जन्मभराची कावीळ, हिवताप किंवा त्याहून वाईट काही चिकटू शकतं, म्हणून तपासल्याशिवाय रक्ताचा थेंबही द्यायचा नाही!

आमचे मोठे सर माझं भाषण शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, इथे पिण्याचं पाणी कोणी तपासत नाही, तू रक्त तपासणार? ठीक आहे, कर. पण तपासणीची वाट बघता बघता एक जरी बाळ दगावलं, तर त्याच दिवशी तुझा नियम बंद."

म्हणजे नियम माझा आणि जीव बाळांचा!

*

पहिल्याच आठवड्यात मी दारावर पोस्टर लावलं : 'रक्तातून रोग पसरतात. आधी तपासा!'

दुपारी एका बाळाचे बाबा घाबरेघुबरे होऊन आले. "मॅडम, पोस्टर वाचलं. आमच्या बाळाला रक्त नकोच. त्याऐवजी ते पिवळं, मोसंबीवालं सलाईन लावा ना!"

*

मग आला एक हडकुळा गृहस्थ. म्हणाला, "परेराबाईंच्या बाळाला रक्त द्यायचंय. मी बाळाचा मामा."

"बाळाच्या आईचं नाव काय?" मी विचारलं.

"मोठ्या बहिणीचं नाव घेत नाय मॅडम. ताईच म्हणतो."

बोलताना त्याचे दात थंडीने कडकड वाजत होते, आणि दिवस मे महिन्याचे! थेंबभर रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर हिवतापाचे जंतू नांदत होते. त्याला औषध देऊन घरी पाठवलं.

सिस्टर डिमेलो हसायला लागल्या. "डॉक्टर, हा रक्त विकतो. गेल्या महिन्यात शहांच्या बाळाचा काका होता, त्याच्याआधी शेखांच्या बाळाचा चाचा. गरीब आहे बिचारा, पण फॅमिली केवढी मोठी!"

*

घाटकोपरच्या एका आजींची नात अशक्त होती, तिला रक्त हवं होतं. रक्त देणाऱ्याला विचारायचे माझे प्रश्न पानभर. आजींचा एकच : "तो अंडं खातो का?"

मी तपासलेली बाटली पुढे केली. देणारा कोळी आहे कळताच त्यांनी ती नाकारली आणि शेजारच्या शुद्ध शाकाहारी गृहस्थांना उभं केलं. त्यांच्या रक्तात काविळीचा दोष निघाला.

"आजी, हे रक्त दिलं तर बाळाचं यकृत जाईल!"

आजी माझ्याकडे कीव येऊन बघत राहिल्या. "अगं पोरी, कावीळ उसाच्या रसाने जाते. मासळी कशाने जाणार?"

शेवटी बाळाच्या आईने आजींना देवदर्शनाला पाठवलं आणि मला खूण केली, "आता लावा!"

*

एका बाळाचे बाबा गोरेगावच्या स्टुडिओत मेकअप करायचे. मुलासाठी रक्त हवं म्हणताच त्यांची छाती फुगली. "मॅडम, आपण थेट हिरोलाच आणतो! माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

"आणा. आधी त्याच्या सगळ्या तपासण्या करू."

"सगळ्या?"

"सगळ्या."

बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि शर्टाची बाही वर केली. "राहू दे यार. माझंच घ्या!"

*

आणि मग सुनंदाचं बाळ. हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं! त्याचं रक्त थोडं थोडं काढून तेवढंच नवं घालायचं होतं, आणि तेही ताबडतोब. रक्तगटाला जुळणारे घरात दोघेच : बाळाचे थोरले काका अण्णा, गिरणीत काम केलेले, पैलवानासारखे, आणि सुनंदाचा धाकटा भाऊ वसंत, काडीपैलवान.

"पोर आमचां, रगात आमचां! तपासूचां कित्याक?" अण्णा गरजले. मी हट्टाने दोघांचं तपासलं. वसंतचं स्वच्छ निघालं. अण्णांच्या रक्तात काविळीचा जंतू!

त्यांना खोलीत बोलावून हळू आवाजात सांगितलं, आणि स्वतःलाही दाखवून घ्या म्हटलं. अण्णांचा चेहरा पडला. मग उठून थेट पॅसेजमध्ये गेले. तिथे सगळं कुटुंब जमलेलं.

"डॉक्टरीण म्हणता, माझां रगात भारी स्ट्राँग आसा. पोराक झेपाचां नाय!"

सगळे थक्क! रुग्णाचं गुपित फोडता येत नाही, म्हणून मी ओठ मिटून उभी.

"आणि वसंताचां?" कोणीतरी विचारलं.

"त्याचां चालला. पयल्यापासून पांचटच ना ता!"

आत बाही सरसावून आडवा झालेला वसंत ताडकन उठला. "मग स्ट्राँगवाल्याचंच घ्या! मी चाललो!" चपला घालून दारापर्यंत गेलासुद्धा. बाळाचं रडणंही आता क्षीण झालं होतं. मोठे सर दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात भिंतीला धरून, टाके सांभाळत सुनंदा आली. "वश्या! आडवा हो! नाहीतर सुई मीच खुपसते आणि बघते तुझ्यात काय भरलंय ते!"

वसंत मुकाट आडवा झाला.

दोन दिवसांत बाळाचा पिवळेपणा उतरला. सर मला एवढंच म्हणाले, "नियम राहू दे." घरचे सगळे पाळण्याभोवती जमले, तेव्हा बाळाने असा टाहो फोडला की खालचा वॉचमन वर आला.

वसंतने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे वळला.

"अण्णा, आवाज ऐकताय ना? आणि माझं रक्त तर बाईंनी निम्मं पाणी घालून दिलेलं, बरं का!"