संघमित्राच्या टेबलावरचा चहा

आमच्या कंपनीत संघमित्राला आम्ही फार जपायचो. हे आज मी मान खाली घालून लिहितोय.

आम्ही घाटकोपरला लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. सहा मेकॅनिक, त्यांतला सर्वांत जुना मी, अनंत. मानखुर्दहून येणारी संघमित्रा तक्रारींचा फोन सांभाळायची. लहानपणी पोलिओने पाय गेलेले, म्हणून दोन कुबड्या. पण जादा चाकं लावलेली स्कूटर अशी हाणायची की रिक्षावाले आपणहून बाजूला व्हायचे. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली पोरगी, नऊ वर्षं नुसता फोन उचलत होती.

आमचा दिवस सुरू व्हायचा रस्त्यापलीकडच्या टपरीवर. कोणी कुठे जायचं, कुठल्या लिफ्टचं काय करायचं, सगळं तिथेच कटिंग मारता मारता ठरायचं. मध्ये दुभाजक, फुटलेलं गटार, उंच फूटपाथ. तिला कशाला त्रास, म्हणून तिचा ग्लास मी रोज टेबलावर नेऊन द्यायचो. केवढा मोठा माणुसकीचा पुतळा मी!

मार्चमध्ये सुपरवायझरची जागा निघाली. संघमित्राने अर्ज केला. मॅनेजर चंद्रप्रकाश मला म्हणाले, "हुशार आहे हो, पण पोरांमध्ये मिसळत नाही ना." मला ते पटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका सोसायटीची लिफ्ट अकराव्यांदा बंद पडली. दरवाज्याचं लॉक बदलून झालं होतं, कंट्रोल पॅनेलचं कार्ड दोनदा बदललं होतं. सोसायटी आता दुसरी कंपनी बघायला निघाली होती. त्या सकाळी मी नेहमीसारखा ग्लास घेऊन गेलो, तर तिने तो परत माझ्याच हातात दिला.

"काय झाला गो? साखर कमी?"

"नऊ वर्षं चहा आणताय काका. तिथे जे बोलता ते कधी आणलंत? मुलुंडचं काय ठरलं?"

"नितेश म्हणतोय, मोटर बदलूया."

"वाट लागली!" तिने तक्रारींचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "अकराही फोन सकाळी सहा ते साडेसहातले. तुम्ही पोचता दहाला, तेव्हा लिफ्ट मस्त चालते. सहाला तिथे पाणी येतं, पंप सुरू होतो. व्होल्टेज पडत असणार."

"मग आधी सांगायचं नाय?"

"कोणाला? मी फोन ठेवेपर्यंत तुम्ही सगळे बाईकवर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक टपरीवर गेलो. "उठा रे, मीटिंग आत!" आमच्यातला नितेश कुरकुरला, "चहा तरी संपवू दे ना यार." म्हटलं, ग्लास घेऊन चल.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आत आम्ही मुलुंडला हजर. संघमित्रा आमच्याआधी पोचली होती. सेक्रेटरींना सांगून लिफ्ट रिकामी चालवली, मीटर लावला. खाली पंप घुरघुरला, मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. मॅच जिंकल्यासारखा नितेश ओरडला, "झकास!" लिफ्ट बंद पडली म्हणून मेकॅनिक नाचताना सेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले असतील. पंपाची विजेची लाईन वेगळी करून घेतली. त्यानंतर ती लिफ्ट एकदाही थांबलेली नाही.

मी चंद्रप्रकाशांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, ती मिसळत नव्हती असं नाही. आम्हीच तिला सोडून रोज पलीकडे जात होतो." त्यांनी तिचा अर्ज परत बाहेर काढला. एक एप्रिलला संघमित्रा सुपरवायझर झाली.

आता सकाळची कामं तिच्या टेबलाभोवती ठरतात. चहा सांगायला सात जणांचे नंबर लावलेत. पहिल्या सोमवारी मी सवयीने टपरीकडे निघालो.

"बसा काका. आज माझा नंबर." तिने टपरीवाल्याला फोन लावला. "सात कटिंग पाठव रे."

चहा आला. नऊ वर्षं मी तिला चहा नेऊन दिला होता. तिच्याबरोबर बसून प्यालो तो त्या दिवशी पहिल्यांदा.