बंदुकीची खोड

बैलबाजारात मला कोणी टोपी घातली, असं आजवर झालेलं नाही. पिंपळगाव राजाच्या आसपासची माणसं बैल घ्यायला निघाली की आधी माझ्याकडे चहाला येतात, यावरून काय ते समजा. दात पाहायचे, खूर पाहायचे, चार पावलं चालवून पाहायचं आणि सगळं झालं की शेवटी विचारायचं, "खोड काय?" विकणारा कितीही लबाड असो, तोंडावर विचारलं की खोड सांगतो. मारका आहे, औतात बसतो, बाईमाणसाला जवळ येऊ देत नाही. तुम्ही विचारलंच नाही तर तो गप्प राहतो, आणि मग भांडायला तुम्हाला तोंड उरत नाही. आमच्याकडची ही रीतच आहे. आणि एवढा मी शहाणा, बंदूक घेताना खोड विचारायची विसरलो.

त्याचं असं झालं. रानडुकरांनी मक्का खाऊन आमचा पिच्छा पुरवला होता. खात होते थोडं आणि लोळून नासवत होते जास्त. कचेरीच्या चकरा मारून मारून मी पीक संरक्षणाचा परवाना मिळवला. डुक्कर मारायला परवानगी वेगळी लागते, आणि मला मारायचंही नव्हतं. आभाळाकडे एक बार काढला की आठ दिवस डुकरं फिरकत नाहीत. तेवढ्यासाठी नवी कोरी बंदूक कशाला? शहरातल्या बंदुकीच्या दुकानदाराने एक जुनी दुनळी काढून दाखवली. सुलतानपूरकडच्या कुणा म्हाताऱ्या जमीनदाराची होती. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून त्यांनी ती विकायला जमा केली होती.

मी नळ्या उघडून उजेडाकडे धरल्या. आत आरशासारख्या लख्ख. दस्ता ठोकून पाहिला, खांद्याला लावून पाहिली, घोडे ओढून पाहिले. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला पारख आहे." मी फुगलो. शब्द देऊन टाकला. मालकाची सही आणि कचेरीतली नोंद झाली की बंदूक घरी आणायची, असं ठरलं.

घरी आलो तर बायको ओट्यावर वांगी निवडत बसली होती. भाजीचा सगळा कारभार तिचा. मी तिला बंदुकीचं वर्णन ऐकवलं. ती ऐकत होती आणि किडकी वांगी बाजूला टाकत होती.

"तो मानूस काऊन इकून राह्यला?"

"डोये गेले म्हने त्याचे."

"डोये गेले म्हनून, का आजूक काही?" तिने हातातलं वांगं खाली ठेवलं. "खोड इचारली तुमी?"

माझ्या तोंडाकडे पाहून ती अशी हसायला लागली की पाटीतली वांगी अंगणभर झाली. "माय वं! बैलाले धा खेपा इचारता, अन् बंदुकीले इचारलं नाई?"

"अवं, बंदुकीले कायची खोड? लोखंड हाय ते!"

तिचं हसू थांबलं. "लोखंड त कुऱ्हाडबी हाय. कोनाच्या जिवावर उठलेली अशीन त ते बंदूक माह्या घरात येनार नाई. सकायी मक्क्याच्या आंगानं भाजी तोडाले कोनाले जावं लागते? मलेच नं?"

मला राग आला. खरा राग तिच्या बोलण्याचा नव्हता, ती बरोबर बोलली याचा होता. मी भाकरी अर्धी टाकून उठलो. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. ती तर शांत होती, उलट जास्तच खुशीत दिसत होती. शेवटी झक मारत मी दुकानदाराकडून म्हाताऱ्याच्या घराचा पत्ता घेतला आणि एस.टी. बदलत बदलत सुलतानपूरच्या बाजूला गेलो.

तिकडची बोली आमच्याहून वेगळी, जालन्याकडे झुकलेली. आम्ही 'मले' म्हणतो, ते 'मला' म्हणतात. घर साधं सिमेंटचं, दारात शेवग्याचं झाड. जाड चष्म्याचा एक म्हातारा बाजेवर बसून दोरी वळत होता. मी राम राम केला, बंदुकीचं गिऱ्हाईक म्हणून ओळख दिली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "बावाजी, बंदुकीची खोड काय?"

म्हाताऱ्याच्या हातातली दोरी थांबली. त्याने तोंड दाराकडे वळवलं आणि मोठ्याने बायकोला हाक मारली. नावाने! परक्या माणसासमोर, त्या वयाच्या माणसाने बायकोचं नाव घेऊन खणखणीत हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. मलाच लाजल्यासारखं झालं.

"ये बाहेर," तो म्हणाला. "इचारणारं माणूस आलंय."

म्हातारी बाहेर आली. एका हातात चहाचा कप होता. दुसरा हात खांद्यापासून लोंबत होता, काही धरत नव्हता. कप माझ्या हातात देऊन ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "खोड बघायची ना, भाऊ? मग ही बघा." तिने डाव्या हाताने तो मेलेला हात उचलून मांडीवर ठेवला.

मी कप खाली ठेवला. म्हातारा मात्र सांगायला लागला होता.

"लग्नाला वरीस झालं नव्हतं. मी अन् वडील मचाणावर होतो. सकाळची येळ, धुकं पडलेलं. मक्यात हाललं. मला वाटलं, ही असंल, वैरण काढायला आली असंल. हाक मारावी तर शेजारी वडील बसलेले. वडलांच्या पुढं बायकोचं नाव घ्यायचं? जीभच रेटंना. मग खाकरलो."

"ते मी ऐकलं," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, मामंजी हायेत. डोक्यावर पदर घेतला अन् खाली बसले. हूं नाही की चूं नाही. सासऱ्यापुढं सुनंनं आवाज करायचा नसतो, असं आईनं शिकवून धाडलं होतं."

"खाली बसलेलं मला डुकरावानी दिसलं," म्हातारा म्हणाला, "अन् मी बार काढला."

तिने मला चहा प्यायची खूण केली. "कोणाचीच चूक नव्हती बघा. ते बी रीतीनं वागले, मी बी रीतीनं वागले. अन् हात गेला." एवढं बोलून ती चक्क हसली. "तेव्हापासून हे घरात, वावरात, बाजारात, जिथं असतील तिथून नावानं हाक मारतात. वडलांच्या देखत बी मारायचे. गाव हसलं. हसंना का."

मी विचारलं, मग अशी बंदूक इतकी वर्षं घरात ठेवली कशाला?

"मीच इकू दिली नाही," म्हातारी म्हणाली. "गिऱ्हाईक यायचे. नळी बघायचे, दस्ता बघायचे. ह्या बंदुकीनं काय केलं, असं कोणी इचारलं नाही. न इचारणाऱ्याला द्यायची कशी? त्याच्या बी मक्यात कोणीतरी असंल की. आता दुकानात ठेवली, पर सही करू नका म्हणून यांना मीच धरून ठेवलं होतं." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुम्हाला कशी सुचली खोड?"

आपली अक्कल मिरवायची उत्तम संधी होती. पण त्या हाताकडे पाहून खोटं बोलवेना. "बायकोनं धाडलं," मी म्हणालो.

"मग शहाणी हाय. तिला नावानं हाक मारता का?"

माझे कान तापले. पोरं लग्नाला आली तरी मी तिला 'अवं', 'ऐकलं का', 'कुठं गेली वं' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. लग्नात परातीतल्या तांदळात बोटाने तिचं नवं नाव मीच लिहिलं होतं. लिहिलं ते लिहिलं, तोंडातून एकदाही काढलं नाही. आमच्या घरात माझ्या बापानेही आईचं काढलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग बंदूक नेऊ नका, भाऊ," म्हातारी सरळ म्हणाली. "आधी हाक मारायला शिका. तिनं हो म्हणलं की फोन करा, हे सही करतील."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मग तिने विचारलं, "दुखते का त्या बाईचा हात?"

"थंडीत दुखते म्हने."

तिने जुडीला गाठ मारली. "मंग आना बंदूक. पन पह्यले हाक मारून दाखवा. इथं नाई. मचानावरून. मी मक्क्यात जाऊन बसतो, तुमाले दिसनार नाई अशी."

आता बंदूक घरात कुलपात आहे. बार काढायच्या आधी मी मचाणावरून हाक मारतोच, आणि सगळं शिवार मला चिडवतं. "झाली का बे आरती?" म्हणून शेजारच्या बांधावरून, धुऱ्यावरून, विचारतात. खरं तर हाकेनेच अर्धी डुकरं पळतात. पण ती पहिली हाक मात्र सोपी नव्हती.

दुपारची वेळ होती. ती मक्क्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मी मचाणावर चढलो. शेजारच्या वावरात निंदणाच्या बाया होत्या, धुऱ्यावर दोघं-तिघं बिडी ओढत बसले होते. मी तोंड उघडलं आणि काय केलं असेल? खाकरलो! सवयच ना. मक्क्यात पानही हललं नाही. एवढासा खाकरण्याचा आवाज, पण मी लगेच तोंडावर हात ठेवला. कारण खाकरल्यावर काय झालं होतं, ते मी कालच ऐकून आलो होतो.

"अवं!" मी ओरडलो. काही नाही. "ऐकलं का?" काही नाही. धुऱ्यावरचा एक जण म्हणाला, "काय हरपलं बे, भाऊ?" मला घाम फुटला. समोर मक्का उभा, डोक्याहून उंच, आणि त्यात माझं माणूस कुठं बसलंय ते मला ठाऊक नाही. त्या म्हाताऱ्याला असंच वाटलं असेल. मग मी डोळे मिटले आणि तिचं नाव घेतलं.

उत्तर नाही.

मी घाबरलो. लाज गेली खड्ड्यात. पूर्ण छातीने दुसऱ्यांदा हाक मारली, निंदणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या, आणि अगदी मचाणाच्या पायथ्याशी, मक्क्याच्या दोन ओळींच्या आत, ती उठून उभी राहिली. पहिल्यापासून तिथेच बसलेली.

"काऊन ओ देली नाई वं?" मी भडकलो. "पह्यली हाक ऐकू नाई आली?"

"आली नं." तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

"मंग?"

"आजूक एकडाव मारा."