शेणव्यात भांडी वाजतात तेव्हा

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पृथ्वीच्या पोटातील हालचालींची पाहणी करण्यासाठी प्रस्तुत लेखकाने पिशवीभर चिवडा घेऊन शेणव्याकडे प्रस्थान ठेवले.

आटगावला उतरलो आणि रिक्षात पाचवा म्हणून कोंबला गेलो. शहापूरच्या या भागात अधूनमधून जमीन थरथरते. माझी थोरली बहीण सुमनताई इथेच राहते. तिचा मुलगा नितीन इंडोनेशियात एका जागत्या ज्वालामुखीखालचे भूकंप मोजतो. कैक वर्षं तो घरी आलेला नाही. या दिवाळीला येईन म्हणाला होता.

ताईने दारातच मला दम दिला, "त्याला कवा येतोस म्हणून इचारायचं नाय. पोर कामात हाय."

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट. दुसरा घास घेतला, तोच मांडणीवरची (भिंतीतल्या फळीवरची) भांडी किणकिणली. मी ताटासकट अंगणात! ताईही धावली, पण फोनकडे. जमीन हलली की लेकाला फोन, हा तिचा नेम. इथं हललं म्हणजे तिथंही हललंच असणार, अशी तिची खात्री. 'भूकंपवाल्याची आई' म्हणून आळीही तिच्याच ओट्यावर जमते. भांडी बरेच दिवस गप्प राहिली की ती हिरमुसते, असं शेजारचे बारकूकाका माझ्या कानात कुजबुजले.

फोनवर नितीन दिसला. "आई गो, तुमचं वेगळं, इथलं वेगळं!"

"मंग तुज्या डोंगराचं काय?" काकांनी विचारलं.

"काका, पोत्यात भात ठासताना शिवण कुठं उसवते, त्यावरून दाब कुठून येतोय ते कळतं ना? तसंच. एका धक्क्यानं नाय कळत. शेकडो बारीक धक्के एकत्र पाहिले की खडक कुठून दाबला जातोय ते दिसतं. आता ती दिशाच फिरलीय. खालून तापलेला रस वर घुसत असावा."

"म्हंजी फुटंल?"

"फुटेल, नायतर परत निजेल. म्हणून यंदा दिवाळीला जमणार नाय. मी इथंच थांबतोय."

ओट्यावरची सारी आळी ताईकडे वळली. मी ओठांवरचा विनोद गिळला.

परतताना आटगावच्या फलाटावरून दूरचे सह्याद्रीचे कडे पाहत बसलो. तेही कधीकाळचा लाव्हाच. घरी कुणी वाट पाहत नव्हतं, म्हणून त्यांना सावकाश थंड होता आलं. माझ्या कानात मात्र अजून ताईच होती. त्या ओट्यावर, मला घातलेली बंदी स्वतःच मोडून, साऱ्या आळीदेखत ती ओरडली होती:

"फुटंना का तो डोंगर! तू घरी ये!"