जाळू का सोडू

देवसिंगचा आवाज दिग्रसच्या कापूस बाजारात घडला. लिलावाच्या वेळी अडत्यानं बोललेला भाव पार शेवटच्या गाडीपर्यंत ओरडून पोचवायचा, हे त्याचं काम. अंगानं किरकोळ माणूस, पण तोंड उघडलं की बैलही कान टवकारायचे. हंगामात आमच्याकडे फिरती टॉकीज यायची आणि गावाबाहेरच्या मैदानात तंबू ठोकायची. तिचे मालक रामराव एकदा बाजारात आले, त्यांनी तो आवाज ऐकला आणि देवसिंगला बाजारातूनच उचललं. तेव्हापासून तो दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून खेड्याखेड्यांतून सिनेमा पुकारू लागला.

तो मूळचा बंजारा तांड्यावरचा. आईबाप लहानपणीच गेले आणि थोरल्या बहिणीनं, सुखीबाईनं, त्याला वाढवलं. पुढे तिचा नवरा वारला, एकुलती मुलगी लालीबाई लग्न होऊन नेरला गेली, आणि हे दोघं बहीणभाऊ जिनिंग कारखान्याच्या मागच्या वस्तीत झोपडी बांधून राहू लागले. वस्तीत सगळ्या जातींची हमाल माणसं. सुखीबाई तिथं बाळंतिणींना शेक द्यायची, तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायची. चांगली उंच बाई, हात लांब, केस वयाच्या आधीच पांढरे झालेले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. अनोळखी माणूस तिला पाहून क्षणभर दचके. पण वस्तीतली निम्मी पोरं तिच्याच पायांवर न्हाली होती. त्यांना ती डोळा मोठा करून दाखवायची आणि पोरं खदखदून हसायची.

पोरांना ती एक गोष्ट सांगायची. जंगलात एक म्हातारी राहते. तिच्याकडे सात रांजण आहेत आणि प्रत्येक रांजणात एकेका पोराची झोप कोंडून ठेवलेली आहे. एका पोराची बहीण ती झोप मागायला जंगलात जाते. म्हातारीच्या केसांच्या जटा झालेल्या असतात, कारण वर्षानुवर्षं तिला कोणी हातच लावलेला नसतो. पोरगी तिच्या केसांना तेल लावते, विंचरते, वेणी घालते. म्हातारी हसते आणि सगळे रांजण उघडते. बस, एवढीच गोष्ट.

ही गोष्ट मुंबईच्या सिनेमावाल्यांपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात रामरावांनी जो खेळ आणला तो तिचाच होता. मात्र पार काळाकुट्ट झालेला. सिनेमातल्या म्हातारीच्या रांजणांत झोप नव्हती, पोरांचं रक्त होतं. ते पिऊन ती रात्रीपुरती जवान व्हायची. झाडांना हात फुटायचे, विहिरीतून रडणं ऐकू यायचं, आणि शेवटी राजपुत्र तिला वडाला बांधून जिवंत जाळायचा.

सुरुवातीला गर्दी जमेना. रामराव हैराण झाले. "देवसिंग, काही तरी कर. लोकं बाहेर चिवडा खाऊन राह्यले अन् आपला तंबू रिकामा."

त्या दिवशी जेवताना देवसिंगनं बहिणीला विचारलं, "बाई, दमणीत बसशील का माह्यासंगं? रांजणवाली बनून?"

सुखीबाईला हसू आवरेना. "मले चेटकीण करतोस का रे वीरा?" तांड्यावर भावाला वीरा म्हणतात.

"खोटी खोटी. पोट्टे भितील अन् हसतील."

ती तयार झाली. काळं लुगडं नेसली, केस मोकळे सोडले, आणि देवसिंगनं आपल्या हातानं तिच्या तोंडाला काजळी फासली. दमणीत रांजण मांडले. भोंग्यातून तो ओरडला, "आली रे आली, रांजणवाली आली!" आणि सुखीबाईनं तो डोळा मोठा करून रांजणात हात घातला. पोरं किंचाळत पळाली आणि पुन्हा दमणीमागे धावत आली. बाया पदराआड हसत होत्या. पार आरंभी गावापर्यंतच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून सिनेमाला येऊ लागले.

तंबूत मधोमध कनात होती, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. पडद्यावर म्हातारी पाळण्याकडे सरकू लागली की बाया आपापली पोरं पदराखाली घेत. कोणी मिठाची चिमूट पडद्याकडे फेकी, कोणी कडाकडा बोटं मोडी. एक म्हातारा शेतकरी तर उभा राहून पडद्याला हात जोडायचा, "माय, लेकराले सोड वं." पुरुषांकडून अशा शिव्या पडत की कनातीपलीकडच्या बाया कानांवर हात ठेवत. आणि म्हातारी जळू लागली की सगळा तंबू टाळ्या पिटायचा.

मशीन एकच होतं. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत दिवा लागायचा आणि लोक उठून बाहेर जायला बघायचे. त्यांना बसवून ठेवायला देवसिंग पडद्यापुढे उभा राहू लागला. एकदा त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "बोला, रांजणवालीचं काय करू? जाळू का सोडू?"

दोनचार जण ओरडले, "जाळा!"

त्याला गंमत वाटली. पुढच्या खेळाला त्यानं तेच विचारलं. मग लोकच त्याच्या विचारण्याची वाट पाहू लागले. त्यानं नुसतं "जाळू का" म्हटलं की तंबू हादरायचा, "जाळा! जाळा!" गल्लीत पोरं गोट्या खेळतानाही तेच म्हणू लागली. रामरावांनी त्याची पाठ थोपटली.

सुखीबाईनंही एकदा तो खेळ पाहिला, बायांच्या बाजूला बसून. घरी चालताना ती म्हणाली, "तिचे केस तर कोणी विंचरलेच नाहीत रे."

"सिनेमात तेवढा वेळ नसते, बाई."

"अन् तू काहून इचारतोस, जाळू का म्हणून?"

"लोकायले मजा येते."

"उद्यापासून मी नाही बसत दमणीत."

देवसिंगनं तिची मनधरणी केली. रामरावांना शब्द दिला आहे, माझी इज्जत जाईल, असं काय काय बोलला. ती बसली. तंबू गावातून हलेपर्यंत रोज बसली, पण डोळा मोठा करेना. त्याची गरजही उरली नव्हती. लोक तिच्याकडे नुसतं पाहूनच ओरडायचे.

टॉकीज पुसदकडे गेली आणि देवसिंगही तिच्याबरोबर गेला. मधूनमधून तो घरी येई. वस्तीतली पोरं सुखीबाईला रांजणवाली म्हणत होती, हे त्यानं ऐकलं आणि हसला. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं, की न्हाऊ घालायला बोलावणं येईनासं झालंय. कोणाकडे पाहुणे असतात, कोणाचं पोर झोपलेलं असतं. "परवा एकीनं मले पाहून दार लावून घेतलं, वीरा."

"नवा सिनेमा आला का इसरतील," तो म्हणाला, आणि पुसदची गाडी पकडायला निघून गेला.

मारोती नावाच्या हमालाची बायको बेबीताई तेव्हा पहिल्यांदाच बाळंत झाली होती. सासूचा विरोध असतानाही तिनं सुखीबाईलाच बोलावलं. थंडी कडाक्याची होती. बाळाला ताप भरला, बरगड्या उडू लागल्या आणि ते गेलं. त्याला पुरून आलेली माणसं घरी न जाता सरळ सुखीबाईच्या झोपडीपुढे जमली.

नेमका तेव्हाच देवसिंग मोटारीतून उतरून वस्तीत आला. उन्हं चांगली वर आली होती. सुखीबाई नुकतीच न्हाली होती आणि केस वाळवायला दारात बसली होती. ते पांढरे मोकळे केस, तो डोळा. लोकांनी तिला दमणीत पाहिलं होतं अगदी तसंच. ती उठून उभी राहिली. "काय झालं रे मारोती?" एवढंच तिनं विचारलं. कोणीतरी तिचा पाण्याचा माठ फोडला, कोणी छपराचं गवत ओढू लागलं. आणि मागच्या बाजूनं, अगदी देवसिंगच्या चालीवर, एक आवाज आला, "बोला, जाळू का सोडू?"

कोणीतरी हसलं. मग दोघंतिघं म्हणाले, "जाळा." त्यांच्यात कोणी हसत नव्हतं.

देवसिंग गर्दीच्या कडेला पिशवी धरून उभा होता. त्यानं तोंड उघडलं. कापसाच्या बाजारात ज्याचा आवाज शेवटच्या बैलापर्यंत जायचा, त्याच्या गळ्यातून हुंकारसुद्धा निघेना. लोक आपल्याकडे वळतील, ही एकच भीती होती, असं तो पुढे सांगायचा. ती लपवायचा नाही.

गर्दी थांबवली ती बेबीताईनं. डोक्याला फडकं बांधलेली ओली बाळंतीण, भिंतीला धरत धरत आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. "तिनं माह्या लेकराले काय केलं? ताप भरला तवा हीच बिचारी म्हणून राह्यली होती, दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या. तुमीच नाही नेलं. आता माणसं घेऊन येता?"

मारोती मटकन खाली बसला आणि रडू लागला. मग एकेक जण निघून गेला. सगळ्यांत शेवटी देवसिंग पुढे झाला.

सुखीबाई माठाची खापरं वेचत होती. वर न पाहता तिनं विचारलं, "तू होतास ना तिथं?"

"होतो."

"तुही पिशवी दिसली होती मले. मंग तुह्या आवाजाची वाट पाहून राह्यली. नाही आला तवा वाटलं, दुसऱ्याच कोणाची असंल पिशवी."

दुसऱ्या दिवशी ती लेकीकडे नेरला निघून गेली. त्यानं बोचकं स्टँडवर आणून दिलं. तिनं ते त्याला मोटारीवर चढवू दिलं नाही, स्वतः चढवलं.

देवसिंगनं टॉकीज सोडली. पण भोंगा परत करण्याआधी तो दमणी ज्या ज्या गावी फिरली होती त्या त्या गावी पायी गेला. चावडीपुढे, पारापुढे उभं राहून ओरडला, "ऐका हो! सुखीबाई चेटकीण नाही. ती माही बहीण आहे. तिच्या तोंडाले काजळी मी फासली होती!" लोक जमले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "वा देवसिंग, आता कोणता खेळ लागला?" तो शपथा घेऊ लागला तसे लोक आणखीच रंगले. एका गावी तर बाया विचारू लागल्या, तंबू कधी येणार. त्यानंतर त्यानं भोंगा रामरावांकडे टाकला आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामाला लागला. तिथं यंत्राच्या घरघरीत कोणी कोणाशी बोलत नाही, ते त्याला बरं वाटे. लग्नाची बोलणी आली, ती त्यानं नाकारली.

सुट्टीच्या दिवशी तो नेरला जायचा. लालीबाई त्याच्याशी बोलत नसे. मामापुढे ताट आपटून निघून जाई. सुखीबाई मात्र बोले. पाऊस, तुरीचं पीक, तांड्यावरची लग्नं, सगळ्यावर बोले, फक्त त्या गोष्टीवर कधीच नाही. ते त्याला सोसेना. एकदा तो तिच्यापुढे कानांना हात लावून म्हणाला, "बाई, मले शिव्या दे. दोन थापडा मार."

"कायले?"

"तुले माहीत आहे कायले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण शिव्या दिल्या का तू मोकळा होशील. मले अजून तसं नाही वाटून राह्यलं." आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

पुढे बेबीताईला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा सासूशी भांडून ती नेरला सुखीबाईकडे गेली. तिला पोचवायला देवसिंगच गेला होता. मुलगी झाली, चांगली धडधाकट. बारशाला वस्तीतली थोडी माणसं नेरला आली. ज्यांनी छपराचं गवत ओढलं होतं त्यांतलेही दोघं होते. ते सुखीबाईच्या पाया पडले, तिनं त्यांना चहा दिला. देवसिंग अंगणात लाकडं फोडत होता. आत चला म्हणून मारोतीनं त्याला दोनदा बोलावलं. तो गेला नाही. लाकडं संपल्यावर त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली, निघतो म्हणून लालीबाईला सांगितलं, आणि उत्तराची वाट न पाहता संध्याकाळच्या मोटारीनं दिग्रसला परत आला.