शेंदराखालचा नंबर

गोळी मालकांच्या मांडीतून गेली आणि ओसरीच्या खांबात बसली. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांनी आधी खांबाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रक्त नंतर दिसलं. मी पदर फाडून मांडी आवळली. सासरे एकच धरून बसले होते, "रिकामंच होतं ते. रिकामंच होतं."

पोलीस ॲक्शन नुकतीच झाली होती. गारखेडा तेव्हा शहराबाहेरचं खेडं. रझाकारांची हत्यारं कुणी दडवलीत का, म्हणून घरोघर झडती चालली होती. आमच्या देव्हाऱ्यात रिव्हॉल्वर होतं. सासरे सांगत, ते त्यांच्या वडिलांचं. फौजदार नवा होता, त्याला ते पटेना. त्यानं बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा शहरातून सोबत आणले होते. चाचा म्हणाले, कारखान्यात हत्यारावर ठोकतात तो नंबर चढत जातो. आकडा लहान तेवढं हत्यार जुनं. जुनं निघालं तर सासऱ्यांचं खरं. अलीकडचं निघालं तर मालकांना धरून नेणार.

पण नंबर दिसेना. सासूबाई दर दसऱ्याला त्यावर तेल-शेंदूर चोपडायच्या. त्याचं एवढं जाड पुट चढलं होतं की गोळ्यांची चरखीसुद्धा फिरेना. फौजदार म्हणाला, "देवातली वस्तू, मी हात लावणार नाही. तुम्हीच खरवडा."

चाचांनी विचारलं, "खाली है ना?"

"व्हय, रिकामंच," सासरे म्हणाले.

मालकांनी खुरप्यानं खरवडलं. निघेना म्हणून खुरप्याच्या मुठीनं ठोकलं. तेवढ्यात बार उडाला.

फौजदार खाटेमागं दडला होता, तो हळूच उठला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "शस्त्र रिकामं पुजत नसत्यात."

"मग गोळी तू घातली?" सासरे ओरडले.

"मला कुठं येतंय घालायला? तुमच्या बापाला ईचारा."

तो बाप मरून जमाना झाला होता.

ठोकण्यानं शेंदराची खपली पडली होती. चाचांनी भिंग लावलं. रिव्हॉल्वरच्या मुठीखाली बघितलं, चरखी बघितली, पुन्हा मुठीखाली बघितलं. "साहब, नीचे का नंबर इनके बाप के जमाने का. चरखी का नंबर बाद का."

"म्हणजे कधीचं?"

"आधा पुराना. आधा मालूम नहीं किसका."

सासरे म्हणाले, ते देव्हाऱ्याबाहेर कधी गेलंच नाही. मग चरखी बदलली कुणी? अलीकडची असती तर तिच्यावर शेंदराचं एवढं पुट चढलं असतं का? हे मी विचारणार होते. पण पुट तर खाली भुगा होऊन पडलं होतं आणि माझे हात रक्तात होते. मला आजही त्याचा उलगडा होत नाही.

फौजदारानं मालकांकडं पाहिलं. "घरातलं हत्यार भरलेलं का रिकामं ते याला ठाऊक नाही. हा कसला रझाकारांचा माल दडवतोय?" रिव्हॉल्वर घेऊन तो गेला. चाचा थांबले. त्यांनीच बैलगाडीत मालकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत आले.

रिव्हॉल्वर परत आलं नाही. पुढच्या दसऱ्याला सासूबाईंनी तिथं खुरपं ठेवलं.

मालक वाचले. लंगडत, पण माझ्याबरोबर म्हातारे होईपर्यंत जगले.